नव्वदचा भाव आणि नव्वद मिनिटे



मी लहान असताना आमच्या भिवंडीत ओपन, क्लोज आणि जोडी हे शब्द मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होत. माझे वडील सुताच्या गोदामात हमाली करीत. पगाराच्या दिवशी त्यांची आकड्याची चिठ्ठी अड्ड्यावर पोचविण्याचे काम माझ्याकडे असे. लहान पोरावर कोणी संशय घेत नसे. घरी आई डब्यातले पीठ पाहून भाकरी किती होतील याचा अंदाज करीत बसलेली असे.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर मुंबईत आकडे लावले जात. त्यातूनच मटका निघाला. १९६२ साली कल्याणजी भगत याने वरळीत तो सुरू केला, १९६४ पासून रतन खत्रीने तो वाढविला आणि गिरणीकामगार, हमाल, मागवाले त्यात ओढले गेले. बी. कॉम. झाल्यावर मी एकदा त्याचा हिशेब मांडला. आकडे दहा आणि एका आकड्याला भाव नऊचा. जोड्या शंभर आणि जोडीला भाव नव्वदचा. म्हणजे दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर दहा जातात आणि नऊ परत येतात. उरलेला एक रुपया मटकेवाल्याचा. माझे वडील आयुष्यभर त्या एका रुपयाला आपले नशीब समजत राहिले.

वडील गेले तेव्हा वाटले, आमच्या घरातून ही पीडा गेली. पण १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री माझा पुतण्या दारात येऊन उभा राहिला. तो गोदामात पॅकिंगचे काम करतो. कतारमधील विश्वचषकाचा अंतिम सामना नुकताच संपला होता. तो म्हणाला, “काका, अर्जेंटिना जिंकली आणि मी हरलो.”

मला काही उमगेना. मग त्याने मोबाईल दाखविला. ओळखीच्या एकाकडून त्याने सट्ट्याची ‘आयडी’ घेतली होती आणि पैसे अर्जेंटिनावर लावले होते. परंतु तो भाव फक्त ठरलेल्या नव्वद मिनिटांचा होता. नव्वद मिनिटांनंतर दोन्ही संघांचे दोन-दोन गोल होते, म्हणजे त्या सौद्यापुरता सामना बरोबरीत सुटला. पुढे जादा वेळेत तीन-तीन झाले आणि पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२ ने जिंकली. जग नाचत होते आणि आमचा पोरगा डोके धरून बसला होता.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेतली. समजा, यजमान संघाला भाव २, बरोबरीला ३.२० आणि पाहुण्यांना ४ आहे. निकाल काहीही लागो, आपल्याला १,००० रुपये मिळावेत असे वाटत असेल तर अनुक्रमे ५०० रुपये, ३१२ रुपये ५० पैसे आणि २५० रुपये लावावे लागतील. बेरीज १,०६२ रुपये ५० पैसे. सामना कोणीही जिंको, वरचे साडेबासष्ट रुपये बुकीचे. मी म्हणालो, “बाळ, हा तुझ्या आजोबांचाच मटका आहे. फक्त चिठ्ठीच्या जागी मोबाईल आला.”

त्याने मान हलविली, पण त्याच्याकडे ‘पद्धत’ होती. दुप्पट भाव मिळेल तिथे १०० लावायचे, हरलो तर २००, मग ४००. एकदा जिंकलो की सगळे वसूल! १४ एप्रिल २०२३ च्या जयंतीची वर्गणी गोळा करण्याचे पावतीपुस्तक आम्ही त्याच्याकडे दिले होते. मार्चमध्ये तो ओळीने सहा वेळा हरला. ६,३०० रुपये गेले. सातव्या वेळेला ६,४०० लागणार होते, ते त्याने वर्गणीतून घेतले. ही बाजी जिंकली असती तरी सगळा नफा १०० रुपयेच होता. तीही तो हरला.

घरोघरच्या मायमाउल्यांनी पन्नास-शंभर करून दिलेला तो पैसा होता. विहारात बैठक बसली. पुतण्याने कबुली दिली आणि वर विचारले, “पंचशीलात सट्टा कुठे आहे?”

उत्तर देणे माझ्याकडे आले. दीघनिकायात सिंगालोवाद सुत्त आहे. राजगृहात सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिंगाल नावाच्या तरुणाला तथागतांनी गृहस्थाचा धम्म सांगितला. त्यात जुगाराचे सहा तोटे स्पष्ट आहेत. जिंकला तर वैर वाढते, हरला तर शोक होतो, डोळ्यांदेखत धन जाते, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, सोबती त्याला तुच्छ लेखतात आणि त्याला कोणी मुलगी देत नाही. चौथ्या तोट्यापाशी आलो आणि मी थांबलो. सभा तीच होती, पोरगा समोर होता. मग उभे राहून मी प्रथमच सर्वांसमक्ष सांगितले की, लहानपणी अड्ड्यावर चिठ्ठ्या नेणारा मीच. आमच्या घराने ही गोष्ट लाजेपायी झाकून ठेवली नसती, तर या पोराला ती वेळेवर कळली असती.

जुगाराविरुद्ध मुंबई प्रांतात १८८७ साली कायदा झाला, तरी मटका चाललाच. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, हे चांगलेच झाले. पण आयडी देणारा आपल्याच ओळखीचा असतो. तिथे कायद्याआधी घर पोचले पाहिजे. आपल्या मुलांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. घरात कोणी फसला असेल तर ते झाकू नका.

पुतण्याने नऊ महिन्यांत पगारातून पै न् पै भरली. पावतीपुस्तक मात्र समितीने अजून त्याच्या हाती दिलेले नाही. तो दर रविवारी विहारात येतो, सतरंजी अंथरतो आणि मागे बसतो. ते पुस्तक त्याला पुन्हा मिळावे असे मलाही वाटते, पण ते मागण्याचा अधिकार माझा नाही. तो त्यालाच कमवावा लागेल.

जयभीम! नमो बुद्धाय!