क्रेडिट शेलमधले सिक्कीम

१७ मार्च २०२०, मंगळवार

करोनाच्या साथीमुळे सिक्कीमने आजपासून पर्यटक बंद केले. आमचे विमान २२ एप्रिलचे. अजून महिना आहे, तोवर निवळेल, असे दादाचे म्हणणे. वहिनींचे थर्मल धुऊन, वाळवून बॅगेत गेलेसुद्धा.

मुंबई-बागडोगरा विमान, मग गंगटोक, लाचुंग, पेलिंग, दार्जिलिंग. न्यू जलपाईगुडीहून रात्रीच्या दार्जिलिंग मेलने सियालदह, कोलकात्यात मुक्काम आणि २ मे रोजी विमानाने घरी. विमानाचे जाऊन-येऊन आम्हा चौघांचे, दादा-वहिनी, मी आणि बायको, ४६,८०० रुपये जानेवारीतच भरले आहेत. टूरचा अ‍ॅडव्हान्स ६०,०००. रेल्वेची तिकिटे मात्र मी स्वतः खिडकीवर काढली. एजंटच्या हातात सगळेच का द्या?

टूरवाल्याला फोन केला. स्टेशनजवळ गाळा, दोन टेबले, भिंतीवर कांचनगंगेचे पोस्टर, अशी त्याची कंपनी. "काका, तुम्ही कॅन्सल करू नका. तुम्ही केलंत तर चार्जेस लागतात. विमान कंपनीने केलं तर पूर्ण पैसे. थांबा थोडे." हे त्याचे अगदी बरोबर. म्हणजे आता आम्ही आणि विमान कंपनी, दोघांनीही एकमेकांकडे बघत बसायचे. जो आधी रद्द म्हणेल त्याचे नुकसान.

२५ मार्च, पाडवा

गुढी उभारली. गाठी मिळाली नाही. रेल्वे रविवारपासून बंद होतीच, काल मध्यरात्रीपासून देशातली विमानेही बंद. विमान कंपनीच्या हेल्पलाइनवर "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे ऐकत आमची ही भाजी निवडत बसली होती. भाजी संपली, कॉल लागला नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

विमान कंपनीचा मेसेज आला. विमान रद्द. पूर्ण रक्कम 'क्रेडिट शेल'मध्ये जमा, वर्षाच्या आत वापरावी. वहिनींनी विचारले, "म्हणजे पैसे आले ना?" म्हटले, आले, पण त्यांच्याकडेच.

नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने काल एक परिपत्रक काढले. ते वाचून बराच वेळ डोके चालेना. ज्यांनी २५ मार्च ते १४ एप्रिल या पहिल्या लॉकडाउनमध्ये तिकीट काढले आणि ते ३ मेपर्यंतच्या प्रवासाचे आहे, त्यांना पूर्ण परतावा, मागितल्यापासून तीन आठवड्यांत, एक पैसा न कापता. ज्यांनी लॉकडाउनच्या आधी तिकीट काढले त्यांच्याविषयी अक्षर नाही. म्हणजे सगळा देश दाराला कडी लावून बसला असताना ज्याने गोव्याचे तिकीट काढले त्याला रोख, आणि जानेवारीत शहाण्यासारखे आधी नियोजन करणाऱ्याला शेल. आमच्यासारखेच लोक जास्त, आणि मोठी रक्कमही आमचीच. परिपत्रक काढणाऱ्याला हे ठाऊक नसेल असे वाटत नाही.

आणि विमान वाहतुकीच्या नियामकाचा, डीजीसीएचा, स्वतःचा नियम काय सांगतो? परताव्याची रक्कम शेलमध्ये ठेवायची की नाही हा प्रवाशाचा अधिकार, विमान कंपनीने आपणहून ती पद्धत पाडायची नाही. नियम जुना आहे, साथीसाठी केलेला नाही. आज तो कोणी उच्चारत नाही.

नोकरीभर बँकेत लोकांच्या ठेवी घेतल्या. पावतीवर मुदत लिहायची, व्याजाचा दर लिहायचा, नॉमिनीचे नाव लिहायचे, तेव्हा सही. इथे न विचारता ठेव घेतली, व्याज नाही, मुदत संपली की ठेवच नाहीशी. याला कंपनी 'ग्राहकांच्या सोयीसाठी' म्हणते. बुडीत निघालेली कंपनी ग्राहकाकडून बिनव्याजी कर्ज काढते आहे, तर तसे सांगावे. कदाचित दिलेही असते.

६ मे, बुधवार

टूरवाला आज दारात. तोंडाला गमछा, हातात हापूसची पेटी. गाळा बंद म्हणून त्याने देवगडचे आंबे विकायला घेतले आहेत. सोसायटीच्या गेटवर पेट्या उतरवून ठेवतो, लोक गूगल पे करतात. मला म्हणाला, "काका, तुमच्या अ‍ॅडव्हान्समधून वळते करून घ्या की. दर सीझनचाच लावतो."

वहिनी वरच्या मजल्यावरून, "आम्हाला कांचनगंगा पाहायची होती, आमरस नव्हे." पण पेटी ठेवून घेतली. २,४०० रुपये वहीत वजा मांडले, त्याची सही घेतली.

मग जिन्यात अंतर ठेवून बसलो आणि साठ हजार गेले कुठे ते त्याच्याकडून काढले. वीस त्याच्याकडे होते. त्यातून गाळ्याचे भाडे, मुलीसारख्या त्याच्या असिस्टंटचा मार्चचा पगार. चाळीस सिलीगुडीच्या ऑपरेटरकडे. त्याने त्यातले बरेचसे गंगटोक आणि पेलिंगच्या हॉटेलांना दिलेले, थोडे गाडीवाल्याला. आणि हॉटेलवाला? तिथली मेख मला आज कळली. सिक्कीममध्ये बाहेरच्या माणसाला जमीन घेता येत नाही, म्हणून पुष्कळ हॉटेले बाहेरचे लोक स्थानिक मालकाकडून लीजवर चालवतात. लीजची रक्कम सीझनच्या तोंडाशी भरायची. मार्च ते जून हाच सीझन. म्हणजे आमचे पैसे डोंबिवलीहून निघून गंगटोकच्या कोणा घरमालकापर्यंत पोचलेसुद्धा. आम्ही मात्र इथेच.

प्रत्येक जण खालच्याकडे बोट दाखवतो आणि गंमत म्हणजे कोणी खोटे बोलत नाही. पण माझा व्यवहार सिलीगुडीशी नाही, पेलिंगशी नाही. माझी पावती याच्या सहीची. तसे त्याला सांगितले. त्याने मान हलवली. "पैसे बुडवणार नाही काका. पण आत्ता नाहीत."

९ जून, मंगळवार

पुतण्याच्या स्कूटरवर मागे बसून कल्याणला आरक्षण केंद्रावर. प्रवासाच्या तारखांप्रमाणे टप्पे पाडलेत, आमचा एप्रिलअखेरचा. जमिनीवर चुन्याचे चौकोन, त्यात एकेक माणूस. रेल्वेने खिडकीच्या तिकिटासाठी नेहमीची तीन दिवसांची मुदत काही महिन्यांवर नेली आहे. ऑनलाइनवाल्यांना तर काही करावेच लागले नाही, पैसे आपोआप खात्यात. तिकीट पुढे सरकवले, बाईंनी काचेपलीकडून नोटा मोजून दिल्या. पूर्ण. कोणी क्रेडिट शेल म्हणाले नाही, कोणी पुढच्या वर्षी वापरा म्हणाले नाही.

रेल्वेला आयुष्यभर शिव्या घातल्या. आज गप्प बसून नोटा खिशात घातल्या.

एक मात्र खटकले. आमची तिकिटे ज्येष्ठ नागरिक सवलतीची होती, मला चाळीस टक्के, हिला पन्नास. ती सवलत २० मार्चपासून बंद झाली, गर्दी टाळण्यासाठी म्हणे. परत मिळाले ते सवलतीचे पैसे. पुन्हा काढायला गेलो तर पूर्ण भाडे.

२६ जुलै, रविवार

दादा पेटला आहे. सोमवारपासून नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला. आता तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, विमान कंपनीचे मुख्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. "ठाण्याला जाऊ, दोघांवर लावू, विमानवाल्यावर आणि या आंबेवाल्यावर," असे त्याचे सुरू. १८७२चा करार कायदाही त्याने काढलाय. कलम ५६, करार पाळणे अशक्य झाले तर तो रद्द. कलम ६५, रद्द झालेल्या करारात ज्याने जे घेतले ते त्याने परत करायचे. कलमे चोख आहेत. प्रश्न असा की ज्याने घेतले त्याच्याजवळ ते उरलेच नसेल तर आयोगाचा हुकूम कशावर वसूल करायचा? त्या दोन टेबलांवर? दादाने हे ऐकून घेतले नाही. विमान कंपनीपुरते मात्र मी त्याच्या बाजूचा.

संध्याकाळी इंग्लंडहून भाचीचा व्हिडिओ कॉल. तिची पोर्तुगालची ईस्टरची सुट्टी गेली. तिकडचा कायदा पॅकेज रद्द झाल्यास चौदा दिवसांत पैसे द्या म्हणतो, तिथल्या कंपनीनेही आधी व्हाउचरच पुढे केले. मग तिने थेट क्रेडिट कार्डाच्या बँकेला धरले. तिथल्या १९७४च्या कायद्याचे ७५वे कलम असे की १०० पौंडांच्या वरची आणि ३०,००० पर्यंतची वस्तू किंवा सेवा कार्डावर घेतली, तर विकणाऱ्याइतकीच कार्ड देणारी बँकही जबाबदार. बँकेने पैसे दिले आणि ती स्वतः कंपनीच्या मागे लागली. मी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. बँकेला जबाबदार धरतात हे ऐकून पोटात थोडा गोळा आलाच, सवयीने. पण कलम उत्तम. भांडायची ताकद ज्याच्यात आहे त्याच्या गळ्यात भांडण घातले आहे.

मी एजंटला पैसे एनईएफटीने दिले होते. आपल्याकडे कार्डाने दिले असते तरी चार्जबॅकचा अर्ज आणि बँकेची मर्जी, एवढेच.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

काल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. प्रवासी लीगल सेल या संस्थेची याचिका, न्या. अशोक भूषण, सुभाष रेड्डी आणि एम. आर. शहा यांचे पीठ. दादाने सकाळी सातला उठवले.

आम्हाला लागू तेवढे लिहून ठेवतो. लॉकडाउनच्या आधी काढलेले आणि २४ मेपर्यंतच्या प्रवासाचे तिकीट: पंधरा दिवसांत पैसे परत. विमान कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर तेवढ्या रकमेचे शेल, ३१ मार्च २०२१ पर्यंत. शेल कोणाच्याही नावे देता येईल. रद्द झाल्यापासून ३० जूनपर्यंत त्याची किंमत दरमहा अर्धा टक्का वाढेल, पुढे दरमहा पाऊण टक्का. न वापरल्यास मार्चअखेर घेतलेले भाडे परत. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचे पैसे एजंटमार्फत.

'आर्थिक अडचणीत असेल तर.' सहा महिने विमाने नीट उडालेली नाहीत, अडचणीत नसलेली कंपनी दाखवा. आमच्या कंपनीने अर्थातच शेलच धरले.

तरी कागद घेऊन बसलो. ४६,८०० वर दरमहा अर्धा टक्का म्हणजे २३४, अर्धवट महिनाही पूर्ण धरतात, म्हणून तीन महिन्यांचे ७०२. जुलैपासून दरमहा ३५१, नऊ महिन्यांचे ३,१५९. एकूण ३,८६१. पाऊण टक्का म्हणजे वर्षाला नऊ! आमच्या बँकेत एफडीला सध्या पाचच्या आसपास मिळतात. पहिल्यांदाच कोणीतरी या रकमेला ठेव मानून व्याज लावले. पण ती वाढ शेलमध्ये, म्हणजे विमानात बसलो तरच हातात. सत्तरीतला दादा, हिचा दमा. कोण बसतोय?

ही म्हणाली, "शेल कोणालाही देता येतं ना? मग त्या टूरवाल्यालाच द्या, तो विकेल." हिच्या सूचना हसण्यावारी नेऊ नयेत. त्याला विचारले. त्याच्याकडे अशी शेले घेऊन बसलेले पुष्कळ, घ्यायला कोणी नाही.

१९ एप्रिल २०२१, सोमवार

बाहेर दुसरी लाट, पुन्हा निर्बंध, ऑक्सिजनच्या बातम्या. अशात पैसे आले. ३१ मार्चला शेल संपले, विमान कंपनीने भाडे परत सोडले ते तिकिटांच्या बड्या एजन्सीच्या खात्यात, तिथून आमच्या टूरवाल्याच्या वॉलेटमध्ये, तिथून माझ्या खात्यात. मधल्या माणसाने अडचणीच्या दिवसांत हात आखडला असता तर आम्हाला कळलेही नसते. त्याने त्याच दिवशी ट्रान्सफर केले आणि स्क्रीनशॉट पाठवला. दादा नुसते "हं" म्हणाला.

टूरचे ५७,६०० मात्र बाकी. सिलीगुडीवाल्याने क्रेडिट नोट दिली आहे, तीच टूरवाला पुढे करू पाहत होता. मी घेतली नाही. त्याऐवजी सहा पोस्टडेटेड चेक मागितले, प्रत्येकी ९,६००, दोन-दोन महिन्यांच्या अंतराने. न वटलेल्या चेकमागे कलम १३८ उभे असते, व्हाउचरमागे कोणी नसते. चेक लिहिताना त्याचा हात जरा अडखळला, पण लिहिले.

१२ फेब्रुवारी २०२२, शनिवार

पाचवा चेक त्याच्या विनंतीवरून दोनदा पुढे ढकलला, बाकीचे वेळेवर. आता एकच उरला. दादाच्या मते मी त्याला वर्षभर बिनव्याजी पोसले. खरे आहे. विमान कंपनीवर चिडलो ते याच कारणासाठी, आणि इथे तेच खुशीने केले. फरक एवढाच की इथे मला विचारले होते.

६ जुलै २०२४, शनिवार

पेपरात बातमी. लॉकडाउनमध्ये रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे अजून न दिलेल्या एका ऑनलाइन पोर्टलला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा आदेश. २०२१ मध्ये ३६ हजारांहून जास्त बुकिंगचे २६ कोटी अडकले होते. आता ४,८३७ प्रवासी आणि अडीच कोटी उरलेत. पोर्टलने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनमध्ये स्वखर्चाने पाच माणसे बसवायची आणि त्या प्रवाशांना फोन करून सांगायचे की तुमचे पैसे यायचे आहेत.

दुपारी टूरवाल्याकडे. गाळा तोच, टेबले आता तीन. ऑक्टोबरचे सिक्कीम लावतोय. पावतीच्या मागे मी त्याच्याकडून लिहून घेतले: सहल रद्द झाल्यास, कोणत्याही कारणाने, रक्कम तीस दिवसांत बँक खात्यात, क्रेडिट नोट चालणार नाही. सही करता करता म्हणाला, "काका, आंबे चालतील का, तेवढं घाला की."