ओन्लीची जागा

मिरजेच्या टायपिंग क्लासच्या सरांचं मी जे देणं लागते, त्यात बुडालेली फी हा सगळ्यांत लहान भाग. वडिलांचं काम सुटलं तेव्हा सरांनी फी मागणं बंद केलं आणि शेवटची बॅच गेल्यावर एक रेमिंग्टन माझ्यासाठी मोकळं ठेवलं. याहून जास्त लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं. मोठं देणं आहे ते एका इंग्रजी शब्दाचं. ओन्ली.

जीसीसीच्या सरकारी टायपिंग परीक्षेला मिनिटाला तीस-चाळीस शब्दांचा वेग लागतो. अर्थ कळला नाही तरी चालतं. सरांना ते चालायचं नाही. पूर्वी ते वकिलाकडे कारकून होते. त्यांनी मला एक साधं वाक्य दिलं, ‘द टेनंट शॅल यूज द रूम फॉर रेसिडेन्स’, आणि म्हणाले, "आता यात ओन्ली घाल. जिथे बसेल तिथे घाल, आणि दर वेळी काय झालं ते सांग."

‘ओन्ली द टेनंट’ म्हटलं की भाडेकरूच राहणार, त्याचा भाऊ नाही. ‘ओन्ली द रूम’ म्हटलं की अंगण आणि माळा गेला. ‘ओन्ली फॉर रेसिडेन्स’ म्हटलं की खोलीत शिलाईचं दुकान टाकता येणार नाही. आणि ‘शॅल ओन्ली यूज’? "तो वकिलांच्या पोटापाण्यासाठी आहे," सर म्हणायचे.

मराठीत ही कटकट नाही. आपला ‘च’ ज्या शब्दाचा, त्याच्या पाठीला चिकटलेला असतो. इंग्रजीतला ओन्ली सुटा हिंडतो. बोलताना आवाजाच्या जोरावर तो बरोबर घरी पोचतो. कागदावर आवाज नसतो, तिथे जागाच बघावी लागते.

चेकवरचा ओन्लीही सरांनीच समजावला. ‘फाइव्ह थाउजंड’पुढे जागा मोकळी सोडली, तर कुणीही ‘नाइन हंड्रेड’ जोडू शकतो. ओन्ली ही तिथली कडी. आपल्या पावत्यांवर हेच काम ‘मात्र’ करतो. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टप्रमाणे आकडा आणि अक्षरी रक्कम जुळली नाही, तर अक्षरी रक्कम धरायची. म्हणून राखण अक्षरांची. ओन्ली लिहाच, असं मात्र तो कायदा म्हणत नाही. ती आपली सावध वहिवाट.

पुढे मुंबईत एका सॉलिसिटरच्या ऑफिसात करारनामे टाइप करू लागले, तेव्हा तिथल्या कपाटात फाउलर हाती लागला. ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’, 1926 चं पुस्तक. हेन्री फाउलर शब्दांच्या बाबतीत भलता काटेकोर, पण ओन्लीच्या प्रश्नावर त्याने पंतोजींनाच झापलं आहे. अर्थाचा घोटाळा होत नसेल, तर ओन्ली क्रियापदाआधी आला म्हणून काही बिघडत नाही. इंग्रज बोलतात तसंच, असं त्याचं म्हणणं. वाचून मला सरांशी भांडावंसं वाटलं. ते तेव्हा हयात नव्हते.

मग आपला ओन्ली: ‘आय ॲम इन पुणे ओन्ली.’ इंग्रजाला वाटेल, हा फक्त पुण्यात असतो, दुसरीकडे कुठे नाही. आपल्याला म्हणायचं असतं, ‘पुण्यातच आहे’. ‘च’ने इंग्रजी सदरा घातला, एवढंच. हिंदीचा ‘ही’ पण तेच करतो. रमा बिजापूरकरांनी भारतीय ग्राहकांवरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकाचं नावच ‘वी आर लाइक दॅट ओन्ली’ ठेवलं, आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. माणसं एकमेकांना समजतात ना, मग पुरे.

गप्पांपुरता मी फाउलरचा पक्ष घेते. करारनाम्यात मात्र सरांचा. तुम्ही भाड्याने घर घेत असाल, तर सही करण्याआधी करारातल्या प्रत्येक ओन्लीवर बोट ठेवून बघा, तो नेमका कुणाला लागून बसलाय.