तीन कलमं

आमच्या रत्नागिरीत 'कलम' म्हटलं की माणूस आधी आंब्याकडे बघतो, मग खिशातल्या पेनाकडे, आणि भाऊबंदकी असेल तर वकिलाकडे. भाऊबंदकी नसलेलं घर आमच्याकडे शोधावं लागतं, त्यामुळे तिन्ही अर्थ प्रत्येकाला पाठ. मला मात्र ते नीट कळले ते नातीच्या परीक्षेत.

गोष्ट २०२२ च्या एप्रिलातली. करोनामुळे २०२० च्या मार्चपासून अंगणवाडीला कुलूप, त्यामुळे आमच्या बायचं शिक्षण ओटीवरच झालेलं. जूनमध्ये पहिलीत जायचं. एक दिवस निरोप आला, जिल्हा परिषदेच्या शाळेत 'शाळापूर्व तयारी मेळावा' आहे, पहिलीत येणाऱ्या मुलांची तयारी बघणार आहेत. 'बघणार' म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. आमच्याकडे बघायला येतात ते मुलगी नाहीतर जमीन, आणि दोन्हींत खोडच काढतात.

मी जन्मभर कचेरीत जावक रजिस्टर लिहिलं. साहेब बदलले, माझ्या अक्षराचं वळण बदललं नाही. त्या माणसाची नात 'ग' ओळखत नाही? त्याच संध्याकाळी राम आळीत जाऊन अंकलिपी आणली आणि 'ग म भ न' सुरू केलं. सोपं वळण आधी, ही जुनी रीत. पण अंकलिपी हे पुस्तक मोठं फसवं. 'ऐ' ऐरणीचा. ऐरण बायनं पाहिलेली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हती. 'ङ' पुढे तर चित्रच नव्हतं. "आजोबा, ह्याचं कोणीच नाही?" तिनं विचारलं. मला त्या 'ङ'ची दया आली, पण अभ्यास म्हणजे अभ्यास!

हळूहळू अभ्यास रात्रीच्या गोष्टीत शिरला. राजा शिकारीला निघाला की मी तिचं बोट धरून ओळीवर ठेवायचा. "राजातला रा दाखव." मग ससा, मग वाघ. शिकार राहायची बाजूला. चौथ्या रात्री बाय म्हणाली, "आजोबा, आज गोष्ट नको." आणि कुस बदलून झोपली.

काळोखात आमची ही म्हणाली, "अहो, कलमाचा मोहोर कोण खुडतं आपल्याकडे?"

"मीच. का?"

"काही नाही. झोपा."

आता मला कसली झोप! नवं कलम लावलं की पहिली तीन-चार वर्षं त्याला मोहोर आला तरी आम्ही तो खुडून टाकतो. लवकर फळ धरलं तर झाड खुरटतं. शेजाऱ्याला हे मी दरवर्षी ऐकवतो. तोच मी, घरातल्या कलमाला फळ धरायला बसलो होतो. कळलं सगळं, पण मेळावा परवावर आला होता, म्हणून सकाळी पुन्हा 'ग म भ न'.

शिवाय मी कायद्याचीही तयारी ठेवली. कोर्टातून निवृत्त झालेल्या स्नेह्यानं सांगितलं, "२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम १३ वाच. प्रवेशासाठी मुलाची नाही, पालकांची नाही, कुणाचीच चाचणी घ्यायची नाही. पहिल्यांदा घेतली तर २५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढं दर वेळी ५०,००० पर्यंत."

मेळाव्याच्या दिवशी व्हरांड्यात सात टेबलं मांडलेली. मी पहिल्याच टेबलाशी कलम १३ काढलं. बाई हसल्या. "आजोबा, प्रवेश झालाच आहे. हे बघणं तुमच्यासाठी. घरी काय करून घ्यायचं ते कळावं म्हणून." कलम मी मुकाट्यानं खिशात घातलं.

एका टेबलाशी लंगडी घालायची होती. बाय दोनदा पडली. बाईंनी मायेनं म्हटलं, "सराव हवा." मग भाषेचं टेबल. बाईंनी पुस्तक मुद्दाम उलटं दिलं. बायनं ते सुलटं केलं, पहिलं पान काढलं आणि विचारल्याशिवाय चित्रातल्या बाजाराची गोष्ट सुरू केली. बैलगाडीवर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "हा खटारा ना?"

"छे! ही बैलगाडी. खटारा आमच्या आजोबांची स्कूटर."

पुढे, "'कमळ'मध्ये पहिला आवाज कुठला?"

"क. काजू, कोकम, करवंद, कुळीथ, कालवण..." गाडी थांबेना.

"कुणी शिकवलं गं?"

"आजीनं. लाइट गेले की आम्ही भेंड्या खेळतो."

मी मागून पुटपुटलो, "बाई, अक्षरं विचारा की!" त्यांनी एक विचारलं. बाय म्हणाली, "हा एसटीच्या पाटीवरचा र. रत्नागिरीचा." अंकलिपीच्या २० रुपयांतलं एकही अक्षर कामी आलं नाही.

"अक्षरं शिकवायला आम्ही आहोत," बाई म्हणाल्या. "शब्दातले आवाज ऐकू येणं, पुस्तक हाताळणं, गोष्ट सांगता येणं, हे घरून आलं की अक्षरं त्यावर बसतात. आजोबा, रोज गोष्ट सांगता ना?"

मी घसा साफ केला. उत्तर बायनं दिलं. "सांगायचे. आता अभ्यास घेतात."

बाईंनी त्यावर काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तिला घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. तिनं शिंपल्या गोळा केल्या. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्याकडे शंखशिंपले आणि खडे हीच साधनं होती. अंगणवाडी तिथलीच, सरकारी योजनेतून ती गावोगाव गेली १९७५ नंतर. आमच्या दारात समुद्र असून मी अंकलिपी विकत आणली होती!

बायनं आपणहून वाळूत शिंपलीनं 'र' काढला. वळण चुकलं होतं. जावक रजिस्टरची सगळी वर्षं माझ्या जिभेवर आली, पण मी ती गिळली. लाट आली, 'र' घेऊन गेली. बाय खदखदून हसली आणि तिनं दुसरा काढला.

रात्री तीच म्हणाली, "गोष्ट?" मी राजाला शिकारीला धाडलं. पण आठवडाभर त्याला अक्षरं मोजायची सवय लागलेली. वाघ समोर आल्यावर पुढे काय ते मलाच आठवेना. बायनं वाघ पळवला, राजाला घरी आणलं, जेवू घातलं आणि आजीला म्हणाली, "आजोबांना येते गं गोष्ट. सराव हवा."