काळ, वेळ आणि फाटक

कुणी मोठ्या संकटातून सहीसलामत सुटला की आपल्याकडे एक म्हण हमखास कानावर येते : ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ म्हण मोठी देखणी आहे. तिच्यात सुटकेचा निःश्वास आहे, देवाचे आभार आहेत आणि वर थोडा ठसकाही आहे. पण जो सुटला नाही, त्याच्याविषयी ही म्हण काय सांगते? त्याची वेळ आली होती. झाले! तिथे बोलणे खुंटते, चार सुस्कारे पडतात आणि माणसे आपापल्या कामाला लागतात. या म्हणीशी माझे जुने भांडण आहे ते इथे.

भांडणाचे मूळ माझ्या एका विचित्र नादात आहे. कुणी बायका भरतकाम करतात, कुणी भिशी चालवतात. मी विमानांच्या अपघातांविषयी जे मिळेल ते वाचते. ऐन दिवाळीत, चकल्यांचा घाणा निघेपर्यंत हाती असला कागद दिसला, की सासूबाई म्हणत, ‘‘सणासुदीला कसलं गं ते अभद्र वाचतेस!’’ मला मात्र त्यात अभद्र काही दिसत नाही. मेलेल्या माणसाविषयी ‘असे का झाले?’ इतक्या काळजीने आणि इतक्या चिकाटीने विचारणारे वाङ्‌मय मला दुसरे ठाऊक नाही.

या वाचनात माझा जीव जडला तो एका इंजिनाच्या, दुमजली पंखांच्या विमानांवर. एक पंख वर, एक खाली, मध्ये खांब आणि ताणलेल्या तारा. जणू जुन्या वाड्याची माडीच उडायला निघाली आहे! अशा विमानांतला सर्वांत कष्टाळू प्राणी म्हणजे रशियातला अँतोनोव-२. १९४७ साली तो प्रथम उडाला, आणि पुढे अशी अठरा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. हजार अश्वशक्तीचे एक इंजिन आणि बारा माणसांची सोय. शेतावर औषध फवारायचे, टपाल न्यायचे, रोगी आणायचा, जंगलातल्या वणव्यावर पाळत ठेवायची. घरच्या रामा गड्यासारखे पडेल ते काम करायचे. धावपट्टीचेही लाड नाहीत. गवताळ माळरान मिळाले तरी पुरे.

स्वभावही गरीब गाईसारखा. ताशी पन्नास-साठ किलोमीटर इतक्या मंद गतीनेही ते हवेत तग धरते. ढगात किंवा अंधारात इंजिन बंद पडले, तर दांडा पुरता मागे ओढून पंख समतोल ठेवा, विमान आपण होऊन हळूहळू खाली उतरेल, असा सल्ला त्याच्या वैमानिकांना दिला जाई.

मग असले सोशिक विमान पडते कसे? पुष्कळदा ते पडते त्याच्या सोशिकपणामुळेच. जो गडी कधी ‘नाही’ म्हणत नाही, त्याच्या पाठीवर आपण आणखी एक पोते चढवतो, तसेच इथे होते. वजन वाढते, उन्हाने हवा विरळ होते, आणि नेहमी पुरणारे माळरान एक दिवस पुरत नाही. फवारणीसाठी पिकाच्या डोक्यावरून उडताना विजेची तार आडवी येते. आकाशातून खांब दिसतात, तार दिसत नाही. कधी पेट्रोलमध्ये पाणी शिरलेले असते, आणि टाकीच्या तळाचे चार थेंब काढून पाहायचे सकाळी राहून गेलेले असते. कधी पेट्रोलच संपते. सप्टेंबर २००० मध्ये क्यूबातून दहा माणसे अशाच एका विमानाने निघाली, आणि इंधन सरल्यामुळे भर समुद्रात एका मालवाहू जहाजाजवळ उतरली. त्यांतली नऊ वाचली, एक गेला.

आणि कधी निव्वळ हौस नडते. जून २०१२ मध्ये रशियातल्या सेरोव गावाहून रात्रीच्या सुमारास तेरा माणसे अशा विमानात बसून परवानगीवाचून उडाली. कुठे जातो, हे कुणालाच सांगितलेले नव्हते, त्यामुळे शोधायचे तरी कुठे? पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात विमान सापडले ते गावापासून थोड्याच किलोमीटरांवरच्या दलदलीत. निघताना सांगून जावे, ही आपल्या घरातल्या लहान मुलांनाही असलेली शिस्त. तिच्या अभावी घरच्यांनी अकरा महिने वाट पाहिली.

या साऱ्या कारणांत भव्य असे काही नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. एक पोते, एक तार, चार थेंब पाणी, न सांगितलेला एक शब्द! मृत्यू एवढा मोठा आणि त्याचे कारण एवढे क्षुल्लक, हे मनाला सोसत नाही. म्हणून तर आपण दैवाला मध्ये आणतो. दैव निदान मृत्यूच्या मापाचे तरी असते.

विमानाच्या पहिल्या प्राणघातक अपघातातही असेच होते. १७ सप्टेंबर १९०८ या दिवशी अमेरिकेतल्या फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल राईट आपले दुमजली पंखांचे विमान लष्कराला उडवून दाखवीत होता. सोबत लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज होता. पंख्याचे एक पाते तडकले, थरथरू लागले आणि मागच्या सुकाणूला धरणाऱ्या तारेत अडकले. विमान कोसळले. सेल्फ्रिज त्याच दिवशी गेला. ऑर्व्हिलचा पाय आणि बरगड्या मोडल्या. त्या मोडक्या देहाने इस्पितळात पडल्यापडल्या त्याने काय केले, तर मोडलेल्या पात्याचे तुकडे मागवून घेतले आणि कुठे, काय, कसे तुटले याचा छडा लावला. पुढच्याच वर्षी, दुरुस्त्या केलेले नवे विमान घेऊन तो त्याच मैदानावर परत आला. ‘त्याची वेळ आली होती’ असे म्हणून तो कुशीवर वळला असता, तर पुढचे पातेही तसेच तडकले असते.

याच्या उलट एक गोड गोष्ट आपल्याकडची आहे. साल १९३०. आगाखानांनी इंग्लंड-हिंदुस्थान प्रवास एकट्याने करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी बक्षीस लावले होते. मुंबईचे जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते, आणि तरुण अस्पी इंजिनियर इंग्लंडहून इकडे येत होता. दोघांचीही विमाने दुमजली पंखांची, जिप्सी मॉथ. इजिप्तमध्ये अबुकीर येथे टाटांना हा प्रतिस्पर्धी प्लगवाचून अडकून पडलेला भेटला. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. अस्पीने बक्षीस जिंकले, आणि पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. वाळवंटावर इंजिन बंद पडण्याची ‘वेळ’ इथे आली नाही. पण ती का आली नाही? कुणीतरी जादा प्लग बरोबर ठेवले होते आणि मन मोठे ठेवले होते म्हणून.

आता आमच्या गावाकडे येते. आणि इथे लेखणी थोडी अडखळते. २६ एप्रिल १९९३. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. भर दुपारी, एकच्या सुमारास, चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून इंडियन एअरलाइन्सचे विमान मुंबईकडे निघाले. हे विमान दुमजली पंखांचे नव्हते, दोन इंजिनांचे बोइंग ७३७ होते. आत ११८ माणसे होती. पण कारणे पाहावीत तर सारी ओळखीची! भरलेले विमान, एप्रिलचे ऊन, उशिरा उचललेले नाक. धावपट्टीच्या टोकापलीकडे बीडचा रस्ता, आणि त्यावरून चाललेला रुईच्या गाठींचा ट्रक. विमानाचे डावे चाक आणि इंजिन त्या गाठींना धडकले, आणि सुमारे तीन किलोमीटर पुढे ते विजेच्या तारांत सापडून कोसळले. ५५ जण गेले, ६३ वाचले.

आमचे थोरले बंधू त्या काळी ट्रक चालवीत. जिनिंगमधून निघालेल्या गाठी त्याच रस्त्याने नेण्याचे त्यांचे कितीतरी वर्षांचे काम होते. तो ट्रक त्यांचा नव्हता, पण पुढचे काही महिने गावात गाठींचा ट्रक चालवणाऱ्या कुणाकडेही माणसे वेगळ्याच नजरेने पाहत. चहाच्या टपरीवर कुणी म्हणे, ‘‘विमान दिसलं नाही का हो तुम्हा लोकांना?’’ दादा मुळात अबोल. ते आणखी मिटले. सासूबाई त्यांना समजावीत, ‘‘ज्यांची वेळ आली होती ते गेले. त्यात माणसाचा काय दोष?’’ दादा मान डोलवीत, पण ताटातले अन्न तसेच राही.

पुढे चौकशीचा निष्कर्ष माझ्या वाचनात आला. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा उचलले आणि चुकीच्या रीतीने उचलले, हे एक कारण. आणि विमानाच्या वेळेला बीडच्या रस्त्यावरची रहदारी विमानतळाच्या व्यवस्थेने आवरली नाही, हे दुसरे. त्या भाऊबिजेला दादा आले, तेव्हा ओवाळणी झाल्यावर मी त्यांना हे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘म्हणजे रेल्वेला असतं तसं एक फाटक पाहिजे होतं. एवढंच ना?’’

‘‘एवढंच,’’ मी म्हटले.

‘‘फाटक असतं तर मी कितीही वेळ थांबलो असतो गं,’’ ते म्हणाले, आणि त्यांनी ताट पुढे ओढून घेतले.

त्या दिवशी मला कळले की कारण ही कोरडी गोष्ट नाही. दैवाने दिलेले सांत्वन सर्वांना सारखेच मिळते, म्हणून ते कुणाच्याच अंगाला नीट बसत नाही. कारण कळल्याने गेलेली माणसे परत येत नाहीत. उलट, इतक्या थोडक्यासाठी गेली हे कळून दुःख अधिक बोचते. पण ज्याचा दोष नाही त्याच्या खांद्यावरचे ओझे उतरते, आणि पुढच्यांसाठी फाटक कुठे बसवायचे तेही कळते.

सासूबाई आता नाहीत. त्यांची म्हण मी टाकून दिलेली नाही. घरातले कुणी ठेच लागून वाचले, की ती माझ्याही तोंडून निघते. काळ येणारच, उन्हाळे येतात, वारे फिरतात, पाती झिजतात. वेळेचा काही भाग मात्र माणसांच्या हातात असतो, आणि तो कुणाच्या तरी जादा प्लगमुळे, सांगून जाण्यामुळे, वेळेवर लावलेल्या फाटकामुळे टळतो. म्हणून कुणी ‘त्याची वेळ आली होती’ म्हणू लागले, की मी हळूच विचारते, ‘‘होय, पण ती आली कुठल्या वाटेने?’’