फोर्ड्सबर्गच्या कापडपेठेत

जोहान्सबर्ग शहराच्या मध्यभागालगत पश्चिमेस फोर्ड्सबर्ग हा भाग आहे. तेथील ‘ओरिएंटल प्लाझा’ या व्यापारी संकुलात शिरताच मसाल्यांचा वास, कापडाचे तागे आणि गल्ल्यावरील गुजराती बोल यांमुळे आपण आपल्याच गावच्या पेठेत आहोत असा भास होतो. मात्र ही पेठ व्यापाऱ्यांनी स्वखुशीने वसविलेली नाही.

जवळच पेजव्ह्यू नावाची वस्ती आहे. जुने रहिवासी तिला ‘फिटास’ म्हणत. तेथील चौदाव्या रस्त्यावर भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांची दुकाने ओळीने होती आणि सर्व वंशांची गिऱ्हाइके तेथे येत. १९५० साली दोन कायदे झाले. एकाने प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद केली. दुसऱ्याने कोणत्या वंशाने कोठे राहावे व व्यापार करावा हे ठरविले. नोंदीविषयी शंका आल्यास केसांत पेन्सिल खोचून ती अडकते की पडते हे पाहिले जाई! पेजव्ह्यू गोऱ्यांसाठी राखीव झाले. सत्तरच्या दशकात कुटुंबांना दूर लेनेशियात जावे लागले आणि व्यापाऱ्यांना या प्लाझात. दोन्ही कायदे रद्द झाले ते १९९१ साली.

हा इतिहास मनात घोळत असतानाच मी एका दुकानात उभा होतो. एक कृष्णवर्णी बाई मुलीच्या पोशाखासाठी कापड पाहत होत्या. दुकानातील मदतनीस पावलोपावली त्यांच्या मागे फिरत होता. माझ्यामागे मात्र कोणी नव्हते. बाईंनी कापड घेतले, पैसे मोजून दिले आणि त्या शांतपणे निघून गेल्या. ही वागणूक त्यांना नवी नसावी.

मला दुकानदाराचा राग आला, पण तो टिकला नाही. पुण्याच्या शाखेत असताना आफ्रिकी विद्यार्थी खाते उघडावयास येत. कागदपत्रे पूर्ण असूनही मी एखादा जादा कागद मागत असे, ‘उद्या या’ म्हणत असे. गोऱ्या विद्यार्थ्यास मात्र खुर्ची मिळे. माझ्या या वागण्यास मी ‘सावधगिरी’ म्हणत होतो. त्या मुलांपैकी कोणी शाखेस फसविल्याचे एकही उदाहरण मला आठवत नाही.

उधारी देताना आपण गिऱ्हाइकाचा मागील व्यवहार पाहतो; ते योग्यच आहे. परंतु रंग पाहून पत ठरविणे म्हणजे खातेवही न उघडताच बाकी काढणे होय. आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात मनुष्यजाती एकच असल्याचे सांगितले आहे. आपण पाणी गाळून पितो, मुंगी पाहून पाऊल टाकतो. मग दुकानाची पायरी चढणाऱ्या माणसाविषयी आपली दृष्टी इतकी गढूळ का असावी?

यंदा क्षमावाणीच्या दिवशी परिचितांची क्षमा मागून झाल्यावर मी क्षणभर थांबलो. त्या विद्यार्थ्यांची नावेही मला ठाऊक नव्हती. त्यांची क्षमा मनोमन मागितली. आपल्या दुकानात, कचेरीत येणाऱ्यांची क्षमा मागण्याची वेळच येऊ नये, एवढी काळजी आपण आजपासून घेऊ शकतो.