रेल्वे हवीच, पण रेषा आधी पक्की करा

आज पीक सोडून थोडं रेल्वेवर.

पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची बातमी आली तेव्हा आमच्या जुन्नर तालुक्यात मी फार खूश होतो. 235 किलोमीटर, ताशी 200 चा वेग. आज या दोन शहरांत थेट रूळच नाहीत, कल्याणवरून नाहीतर दौंड-मनमाडवरून वळसा. गावच्या बैठकीत रेल्वेच्या बाजूनं बोललो. तात्या म्हणाले, "आधी आपलं शेत बघ."

मग मोजणी आली. रेषा विहिरीजवळून, नेमकी दीड एकरातून. तिथं द्राक्षबाग लावायची होती. पण जमीन जाणार म्हटल्यावर मांडव, ठिबकचा खर्च कोण घालणार? तीन वर्षं तिथं सोयाबीन-हरभराच घेतला. नंतर कळलं, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा नको म्हणून मार्गच बदलणार. दुर्बिणीचं काम महत्त्वाचं, त्यावर वाद नाही. पण तिच्या 30 अँटेना काय काल उभ्या राहिल्या?

मी आजही रेल्वेच्या बाजूनंच. मागणी एवढीच: आधी मार्ग पक्का, मग मोजणी. आणि मार्ग बदलला तर ज्याचं शेत मोजलं त्याला लेखी कळवा. पेपरातून नको.

यंदा डॉगरीजचे खुंट लावलेत. पाऊस ओसरला की कलम भरू. तात्या विचारतात, "परत रेषा आली तर?"

आली तर येऊ दे. या वेळी पंचनाम्यात विहीर, बाग, मांडव सगळं लिहून घेईन.

तुमच्याकडं मोजणी झालेली का? त्या तुकड्यात काय घेताय, सांगा.