वानवळा

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात ‘आभारी आहे’ असे शब्द कोणी कधी उच्चारल्याचे मला आठवत नाही. म्हणजे आम्ही कृतघ्न आहोत असे मात्र नव्हे! शेजारणीने वाटीभर ताक दिले, तर ती वाटी धुऊन, तीत मूठभर काहीतरी घालूनच परत जाते. रिकामे भांडे परत करायचे नाही, एवढे आईला पक्के ठाऊक. शेंगा निघाल्या, पहिली भाजी आली की तिचा वानवळा चार घरी पोचतो. कॉलेजात आल्यावर मी दिवसातून दहा वेळा ‘थँक्यू’ म्हणायला शिकले, आणि तसे म्हटले की आपण मोकळे, हेही शिकले.

पण काही गोष्टी त्या शब्दात मावेनात. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. प्रवेशाचा अर्ज समोर बसवून भरून घेणारे सर. दिवे मालवायच्या वेळीही ‘तेवढं पान पुरं कर’ म्हणून थांबणारे ग्रंथालयातले काका. संध्याकाळची गाडी चुकली की ओसरीवर बसवून चहा देणाऱ्या स्टँडमागच्या काकू. मी पळत येताना दिसले की घंटी न मारणारे कंडक्टरकाका. आणि मुलींची खोली झाडणाऱ्या मावशी. अशी पाच माणसे. संक्रांतीला कुणी कुणाला काही दिले तरी का म्हणून विचारत नाही. तोच मुहूर्त मी धरला.

पेठेतल्या दुकानात ‘गिफ्ट हॅम्पर’ मांडलेले असतात. चकचकीत कागदाआड चार चॉकलेटे, एक कप, एक मेणबत्ती, आणि खाली नुसते कागदाचे कातरण! किंमत साडेसातशे. शब्दकोश उघडला तर हॅम्पर म्हणजे झाकणाची टोपली. मग आमच्या गावचा बुरूड काय वाईट? त्याच्याकडून ४० रुपयांची एक अशा पाच दुरड्या घेतल्या. पैसे ‘कमवा व शिका’ योजनेतले, ग्रंथालयातल्या पुस्तकांना कव्हरे घालून मिळवलेले. तीळ आणि चिक्कीचा गूळ मिळून दीडशे रुपये. बाकी सारे घरचे.

शेंगाचटणी आईने मिक्सरला लावू दिली नाही. मिक्सरमध्ये दाण्यांचा भुगा होतो. उखळात लसूण, तिखट, जिरे घालून कुटत राहिले की दाण्याला तेल सुटते आणि चटणी ओलसर, गोळा होण्याजोगी बनते. आमच्या सोलापूरकडची चटणी ती हीच. माझ्या तळहाताला फोड आले, तेव्हा कुठे आईने मान हलवली. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या उकळून, उन्हात वाळवून त्यांत ती भरली. वड्यांचा पाक करताना थेंब पाण्यात टाकून पाहायचा. तो ताटलीवर टाकल्यावर टणकन वाजला की तीळ घालायचे. पहिल्या घाण्याच्या वड्या धाकट्या भावाने चाखता चाखता निम्म्या केल्या, हा हिशेब वेगळा!

वडील हे सारे बघत होते. म्हणाले, “देणं फेडाय निघालीस व्हय?”

मी म्हटले, “न्हाई आबा, वानवळा हाय.”

ते काही बोलले नाहीत. उठून कणगीतली मालदांडी ज्वारी त्यांनी स्वतः पाखडून आणली. मंगळवेढ्याच्या या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे मी त्यांना वाचून दाखवले होते. तेव्हा त्यांनी फक्त भाव वाढला का, एवढेच विचारले होते! आईच्या जुन्या लुगड्याच्या पाच पिशव्या शिवून प्रत्येकीत अर्धा किलो ज्वारी भरली. वर बोरे, हरभऱ्याचे डहाळे, आणि झाकायला लुगड्याचाच तुकडा.

मैत्रीण म्हणाली, “सरांच्या दुरडीत काजू-बदाम तरी घाल. मावशींना दिलं तेवढंच सरांना?”

मी बराच वेळ विचार केला. सर यंदा आमच्या वर्गाला शिकवीत नाहीत, म्हणून तर त्यांना देण्याचे धाडस. नाहीतर दुरडीला लगेच गुणांचा वास आला असता. त्यात काजू पडले की ती भेट राहात नाही, अर्ज होतो. आणि कोणाचे उपकार मोठे, हे मी कोणत्या तराजूत घालणार? सरांचा अर्ज वर्षात एकदा. मावशींनी तर तापात मला त्याच खोलीत दोन तास पांघरूण घालून निजवले होते. पाचही दुरड्या सारख्याच राहिल्या.

सरांनी चटणीची बरणी तिथेच उघडून हुंगली. ग्रंथालयातल्या काकांनी, “पुस्तकांपासून लांब ठेव, तेल लागेल,” असे दटावले. मावशी मात्र दुरडी हातात घेईनात. “कुणाला नेऊन द्यायची?” असे दोनदा विचारले. तुमचीच, म्हटल्यावर पदराला हात पुसून मग घेतली.

आठवड्याने दुरड्या परतू लागल्या. काकूंच्या दुरडीत कढीपत्ता, मावशींच्या दुरडीत दोन पेरू, सरांच्या दुरडीत वापरून मऊ झालेला इंग्रजी-मराठी शब्दकोश. कंडक्टरकाकांची दुरडी अजून आलेली नाही. त्यांची ड्यूटी दुसऱ्या मार्गावर लागली, असे ऐकते. कुणाला दिसले तर सांगा, परत करायची घाई नाही.